झाकणावरचा लाल दोरा

आमच्या फाट्यावरच्या गॅरेजवाल्या शेवंताबाई इंजिनाचं नीट ऐकून घेतात, तसं माणसाचंही.

एकदा वीटभट्टीचे मालक बापूसाहेब मोहिते यांचा छोटा ट्रक ऐन हंगामात चालू होईना. तो ओढून बाईंच्या दारात आणल्यावर मालकांनी ड्रायव्हर यमाजीला बजावलं, "इंजिन तुझ्यामुळं गेलं असेल, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

बाईंनी यमाजीला स्टार्टर मारायला सांगितला. इंजिन नुसतंच हलकं, भरभर फिरलं. पेट घेण्याची धकधक काही झाली नाही.

"इंजिनाचे दोन दांडे जोडणारी टायमिंगची साखळी तुटलीय," बाई म्हणाल्या. "खालचा दांडा फिरतोय, पण वॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा जागचा हलत नाही. ऑईलचं झाकण काढून दाखवते."

बापूसाहेब गरजले, "खबरदार! त्यावरचा लाल दोरा मी स्वतः बांधलाय, मागच्या दसऱ्याच्या पूजेत!"

"तेव्हापासून कुणी सोडलाच नाही?"

"कुणाची छाती आहे? सोडणाऱ्याचे हात तोडीन म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय!"

बाई हसल्या. "मग मालक, इतके महिने नवं ऑईल आत गेलं कुठून? ऑईलवाचून साखळी झिजली आणि तुटली. यमाजीला खुशाल काढा. त्याचा गुन्हा एवढाच, की त्यानं तुमचं ऐकलं."

बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं दोरा सोडला. यमाजी आजही तोच ट्रक चालवतो. दसऱ्याला पूजा होते, दोराही बांधतात. फक्त आता तो आरशाला असतो.