हळू फिर, जात्या

एका गावात टायपिंगचे एक मास्तर राहायचे. नाव वामनराव, पण सगळं गाव नुसतं मास्तर म्हणायचं. एके काळी त्यांच्या ओसरीवर अकरा टाइपरायटर खडखडायचे आणि मास्तरांना पाठमोरं बसूनही कळायचं, कोणाचं बोट चुकलं ते. पुढे मशिनं भंगारात गेली. उरला एक जुना कॉम्प्युटर. पडदा पाटीएवढा आणि पाठ रांजणासारखी फुगलेली.

त्या कॉम्प्युटरमध्ये मास्तरांचा ठेवा होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या. सांगणाऱ्या एकेक करून गेल्या. लिहून घेतलेल्या वह्या वाळवीने खाल्ल्या. आता ओव्या होत्या त्या फक्त इथे, तेही जुन्या अक्षरात. नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसत. म्हणून मास्तरांनी ठरवलं, हा चालतोय तोवर सगळ्या तपासायच्या आणि कागदावर छापून काढायच्या.

आणि नेमका दिवाळीनंतर तो बंद पडायला लागला. चांगला चालता चालता पडदा काळा. कधी सकाळी, कधी दुपारी. काही धरबंधच नाही.

शेजारच्या चंपूताईंना हे सगळ्यांत आधी कळलं. गावातलं काहीही त्यांना आधीच कळायचं. इथे तर भिंतीला भिंत होती. मास्तर "अरेरे!" म्हणाले की चंपूताई पदराला हात पुसत हजर.

"मास्तर, आतली धूळ काढा."

काढली.

"मग पंख्यात पाल अडकली असेल."

पाल नव्हती.

"मग दृष्ट! दुसरं काही नाही."

मीठमोहऱ्या ओवाळून त्या संध्याकाळपर्यंत तिथेच बसल्या. त्या दिवशी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. चंपूताईंनी ते गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "अरेरे!"

मास्तरांनी तालुक्याहून प्रल्हादला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने आतली पट्टी काढून खोडरबराने पुसली, वायरी घट्ट केल्या. काही फरक नाही. मग तो कॉम्प्युटरची पेटी मोटरसायकलवर बांधून दुकानात घेऊन गेला. तिथे ती तीन दिवस बिनतक्रार चालली. घरी आणली, की बंद.

"माहेरी धडधाकट आणि सासरी आली की अंथरूण धरते!" चंपूताई म्हणाल्या. "मी सांगते मास्तर, त्या प्रल्हादनेच चांगला भाग काढून घेतलाय."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण त्या हे दुधाच्या डेअरीवर बोलल्या, देवळात बोलल्या. बोलता बोलता ते प्रल्हादच्या कानावर गेलं.

तो आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर, तुमच्याच ओसरीवर मी टायपिंग शिकलो. तुमचा स्क्रू तरी घेईन का? एवढंच सांगतो, हा असा धाडकन बंद पडत राहिला तर एक दिवस आतली डिस्क जाईल. मग ओव्या कोणालाच काढता यायच्या नाहीत." आणि चहा न घेता निघून गेला.

मास्तर जुन्या शिस्तीचे. वर्गात कोण कुठल्या अक्षराला अडतो, ते रोज लिहून ठेवायचे. "चूक लिहून ठेवली की तीच बोलायला लागते," असं म्हणायचे. आता ते कॉम्प्युटर बंद पडल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू लागले.

महिना गेला. एका सकाळी चंपूताई दळण लावून मास्तरांकडे आल्या. हल्ली दळणापाशी बसावं लागत नाही. दिवाळीत मुलाने घरघंटी आणून दिली होती, विजेवरची छोटी गिरणी. गहू ओतायचे, बटण दाबायचं, की बाई मोकळी.

मास्तर काळ्या पडद्यासमोर बसले होते.

"तुमच्या आईंची ओवी काढली होती," ते म्हणाले. "एक ओळ तपासली आणि गेला. 'माझं गं दळण, शेजीच्या भिंतीपाशी.' पुढची ओळ येते का तुम्हाला?"

चंपूताईंनी आठवून पाहिलं. पहाटेचा अंधार आठवला. आईची मांडी आठवली, जात्याबरोबर हलणारी. सूरही आठवला. शब्द मात्र येईनात. डोळे भरून आले म्हणून त्यांनी मान वळवली, तर समोर कॅलेंडर.

सोमवार, साडेदहा. त्या दिवशी त्यांनी ज्वारी दळली होती. बुधवार, सव्वाचार. थालिपिठाची भाजणी. शनिवारी बेसन. पुढचे पाच दिवस कोरे. ते पाच दिवस त्या लेकीकडे होत्या. आणि आज, आत्ता? भिंतीपलीकडून घरघंटीची घरघर ऐकू येत होती.

चंपूताईंना सगळं उमगलं. मास्तरांना यातलं काही कळलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर कोणालाच कळलं नसतं.

"मास्तर, कॉम्प्युटर लावून ठेवा. पण ओव्या उघडू नका," एवढं बोलून त्या घरी गेल्या. घरघंटी बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबलं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "अरेरे!"

त्या परत येऊन दारातच उभ्या राहिल्या. "बिघाड तुमच्याकडे नाही, मास्तर. माझ्या घरात आहे."

संध्याकाळी त्या डेअरीवर गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "प्रल्हादने काही घेतलं नाही. माझ्या गिरणीने मास्तरांचा कॉम्प्युटर बंद पडतो. मी उगाच त्याला चोर म्हटलं."

"वा चंपूताई!" रांगेतून कोणीतरी टोमणा मारला. "अख्ख्या गावाचं तुम्हाला ठाऊक, आणि स्वतःच्या घरचंच नाही?"

"नाही ना बाबा. दिव्याखाली अंधार."

प्रल्हाद पुन्हा आला. तो म्हणाला, "खांबावरून दोन्ही घरांना एकच वायर आहे. गिरणी सुरू होताना विजेचा मोठा घोट घेते. तरण्या यंत्राला ते सोसतं, म्हाताऱ्याला नाही." या वेळी त्याने चहा घेतला. चंपूताईंनीच केला होता.

त्या दिवसापासून चंपूताई पहाटे दळू लागल्या, आईच्या वेळेला. मास्तर उठून कॉम्प्युटर लावायच्या आत त्यांचं पीठ डब्यात भरलेलं असायचं. ओव्या एकेक करून तपासून झाल्या आणि कागदावर उतरल्या. शेवटच्या दिवशी मास्तरांनी एक पान परसातल्या बुटक्या भिंतीवरून चंपूताईंच्या हातात दिलं.

माझं गं दळण, शेजीच्या भिंतीपाशी
हळू फिर, जात्या, बाळ निजे तिच्या कुशी

चंपूताईंनी ते दोनदा वाचलं. त्या दिवशी त्या कोणाकडेही काही बोलायला गेल्या नाहीत.

तात्पर्य: शेजारच्या घरातला बिघाड शोधायला निघण्याआधी आपल्या घरात काय फिरतंय ते पाहावं, आणि चूक आपलीच निघाली, तर दुसऱ्याला जिथे दोष दिला तिथेच जाऊन ती कबूल करावी.