आवडीच्या झाडाची ओटी

देवळामागच्या या नीरफणसाच्या बुंध्याला चोळीचे खण गुंडाळलेले पाहून पाहुणे विचारतात, ही कोणती देवी? देवी नव्हे. आमच्या खारवली गावाची लाज आहे ती. झाकता आली नाही म्हणून तिला खण नेसवले.

असे सांगतात की पूर्वी या गावात नीरफणस नव्हता. धाकू तांडेल नावाच्या गलबतवाल्याने दक्षिणेकडच्या कुठल्याशा बंदरातून रोप आणले आणि बायकोच्या, आवडीच्या, हाती दिले. तिने ते देवळामागच्या आपल्या परड्यात, म्हणजे परसात, लावले. झाड वाढले, फळे धरली. फणसासारखे दिसणारे ते फळ कापले, तर आत ना गरा, ना आठळी. आवडीलाही मूल नव्हते. विहिरीवरच्या बायकांना तेवढे पुरले.

"फळ अगदी तुझ्यासारखाच गो आवडे, पोटात आठळीच नाय!"

श्रावणात देवळात सवाष्णींची ओटी भरत. आवडीची भरत नसत. नवरा समुद्रावर, त्याच्यासाठी तरी एकदा भरावी असे तिला वाटे. दरवर्षी धुवट लुगडे नेसून ती मंडपाच्या खांबाशी उभी राही आणि रिकाम्या पदराने घरी जाई.

मग एका वर्षी खाडीचा बांध फुटला. खारे पाणी शेतात शिरले, भात गेले. पुढच्या पावसाच्या तोंडाला गावात शिजवायला काही उरले नाही. झाड मात्र लगडले होते. आवडीने त्याची कापे तव्यावर परतली, ओले खोबरे घालून भाजी केली, अख्खी फळे निखाऱ्यात भाजली, फोडी वाळवून दळल्या आणि त्या पिठाची भाकरीही थापली. गावाला म्हणाली, "येवा, जेवा."

गाव उपाशी होते, पण मानी होते. वांझ झाडाचे फळ खावे की नाही, हे गावकराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, देवाला विचारायचे ठरवले. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. डावीकडची पडली. बाहेर पोरे रडत होती, आणि भाजलेल्या फळाचा वास गाभाऱ्यापर्यंत येत होता.

"गुरवानू, परत लावा," गावकर म्हणाला. "देवाक नीट ऐकाक इला नसात."

कितीदा लावला ते कोणी सांगत नाही. फुले संपली म्हणून पुन्हा खुडून आणली, एवढेच सांगतात. शेवटी उजवी पडली आणि गाव परड्याकडे धावले. महिनाभर सगळे तिच्या हातचे जेवले. म्हाताऱ्यांच्या पायांत बळ आले, पोरांची गालफडे भरली.

श्रावण आला. आवडी खांबाशी येऊन उभी राहिली. या वेळी तिने पदर पुढे केला. रीत मोडायची तर देवाला विचारायला हवे, असे गावकर म्हणाला. कौल लावला. डावीकडची पडली.

कोणीही म्हटले नाही, परत लावा.

आवडी म्हणाली, "पोटाच्या येळेक देवाक ऐकाक येय नाय होता. आज बरा एका हाकेत ऐकाक इला!"

ती पदर खोचून गेली. नारळी पुनवेनंतर धाकूचे गलबत बंदराला लागले, त्यात चढली, ती पुन्हा आली नाही. तिने शाप दिला असता तर उतारा तरी करता आला असता. म्हणे, पुढच्या पावसात झाडाची मुळे जमिनीखालून गावभर धावली आणि ज्या ज्या घराने तिचे अन्न खाल्ले होते, त्याच्या दारात नीरफणसाचा एकेक कोंब वर आला. गावकराच्या दारात दोन आले. उपटले की पुन्हा येत. अखेर गावाने ते वाढवले, आणि त्यांचीच फळे आम्ही अजून खातो.

तेव्हापासून श्रावणात पहिली ओटी या झाडाची भरतात, आणि ती पुरुषांनी भरायची असते. मंडपात ‘परत लावा’ म्हणायला तोंड असून गप्प बसलेले तेच होते. कौल त्या दिवशी लावत नाहीत. न जाणो, उजवा पडायचा आणि आम्हाला सुटल्यासारखे वाटायचे.

आजही तांदूळ पुरुषांच्या ओंजळीतून सांडतात. नारळाची शेंडी कुठल्या बाजूला करायची यावरून दरवर्षी वाद होतो. बायका पलीकडे उभ्या असतात. त्यांना ठाऊक असते. सांगत कोणी नाही.