लोभाच्या चिठ्ठ्या

एकदा एका नदीकाठच्या पेठेत रेवणशेठ नावाचा एक व्यापारी येऊन राहिला आणि त्याने असे दुकान थाटले की तसे त्या मुलखात कुणी पाहिले नव्हते. धान्य, कापड, भांडी, तेल, लोखंडी सामान, सारे एका छपराखाली. भाव वाजवी, माप चोख आणि शेठची वाणी गोड. गिऱ्हाईक निघू लागले की शेठ त्याच्या हातावर एक छापील चिठ्ठी ठेवी. जशी खरेदी तशी चिठ्ठी; कुणाला अर्ध्या आण्याची, कुणाला दोन आण्यांची. जाड कागदावर रंगीत वेलबुट्टी, मध्ये आकडा, खाली शेठची सही आणि सहीच्या वर दोन शब्द: ‘लोभ असावा’. पुढच्या खेपेला ती चिठ्ठी दिली की तेवढ्या किमतीचा माल मिळे. लोक तिला लोभाची चिठ्ठी म्हणू लागले. लोभ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. शेठच्या मनात त्यातला मायेचा अर्थ होता, याविषयी मला शंका नाही.

त्याच पेठेत एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांचे नाव कुणी घेत नसे. लहानथोर सारे त्यांना वैद्यबुवाच म्हणत. त्यांच्यापाशी नरहर नावाचा तरुण शिष्य विद्या शिकत होता. बुवांनी ‘हे पथ्य’ म्हटले की घरातली सून सासूचेही ऐकत नसे, एवढा त्यांच्या शब्दाला मान.

एका बाजारच्या दिवशी असे झाले. सगुणा नावाची एक विधवा बाई बाजारात टोपल्या आणि सुपे विके. तिचा तरुण मुलगा हणमा बांबू फोडून कामट्या काढून देई आणि ती विणी. मायलेकांचा संसार त्यावर चाले. त्या दिवशी एका माणसाने सूप घेतले आणि पैशांऐवजी लोभाची चिठ्ठी पुढे केली.

“हे काय?” सगुणा म्हणाली.

“दोन आणेच आहेत बाई. शेठच्या दुकानी चालतात.”

“मग शेठच्या दुकानी चालवा. मला आपलं नाणं द्या, नाहीतर सूप खाली ठेवा.”

गलका झाला. भोवती माणसे जमली. रेवणशेठ दुकानाच्या पायरीवरून खाली आला. त्याचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात वैद्यबुवा तिकडून चालले होते. शेठने हात जोडून त्यांना थांबवले.

“बुवा, तुम्हीच सांगा. माझ्या सहीला काही किंमत आहे की नाही?”

चारचौघांत विचारलेला प्रश्न. बुवा हसले. त्यांनी ती चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि कनवटीला खोचली. तिच्या बदल्यात स्वतःजवळचे दोन आणे सगुणेच्या हातावर ठेवून ते म्हणाले, “बाई, शेठचा शब्द म्हणजे नाणंच. मी घेतली, तुम्हीही घेत जा.”

लोकांनी माना डोलावल्या. सगुणा पदर डोक्यावर ओढून म्हणाली, “तुम्ही म्हणता तर घेईन.”

त्या दिवसापासून पेठेत चिठ्ठी चालू लागली. न्हावी घेई, गवळी घेई, नावाडी घेई. बांबूवालाही घेई, कारण त्यालाही शेवटी मीठ-तेलासाठी शेठकडेच जायचे असे. देवळाच्या पेटीत चिठ्ठ्या पडत. लग्नात आहेर म्हणून चिठ्ठ्या देत. कुणी शंका काढली, तर दुसरा म्हणे, “अरे, वैद्यबुवा घेतात.” एवढ्यावर शंका मिटे.

शेठ लबाड नव्हता; पण हात पुढे केला की लोक विश्वास ओततात, याची त्याला सवय झाली. आधी तो खरेदीपुरतीच चिठ्ठी देई. मग नोकरांचे पगार चिठ्ठ्यांत देऊ लागला, मग धान्याच्या गाड्या चिठ्ठ्यांवर उतरवून घेऊ लागला. छापखान्यातून गठ्ठे येऊ लागले. गल्ल्यात जमलेली खरी रोकड त्याने शहरातल्या कापसाच्या व्यापारात घातली आणि एका हंगामात कापसाचा भाव कोसळला. ज्यांचे कर्ज होते ते शहरातले सावकार एका रात्री गाड्या घेऊन आले व दुकानातला माल भरून घेऊन गेले. त्यामागून शेठ बायकामुलांना घेऊन नावेत बसला. नावाड्याने त्याच्याकडून नावेचे भाडे म्हणून लोभाची चिठ्ठीच घेतली. काय झाले आहे, हे तोवर त्याला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेठेला कळले. पहिल्याने आरडाओरड झाली, दुकानाची दारे फोडली गेली. आत उंदरांखेरीज काही नव्हते. पोरांनी चिठ्ठ्यांचे पतंग केले आणि आयांनी त्यांना मारले.

सगुणेने वर्षभराच्या टोपल्या शेठच्याच दुकानी घातल्या होत्या. पावसाळ्याआधी बांबू भरून ठेवायचा, म्हणून साऱ्या चिठ्ठ्या तिने मडक्यात जपल्या होत्या. आता बांबूवाला नाण्यावाचून एक कांडे देईना. हणमा आईवर संतापला. “वैद्याचं ऐकायची हौस तुला! मी राबलो ते कागदासाठी?” म्हणाला, आणि नव्या सडकेच्या कामावर जाणाऱ्या टोळीबरोबर निघून गेला.

पुढच्या बाजारच्या दिवशी वैद्यबुवांनी आपल्या अंगणात घोंगडी अंथरली आणि दवंडी पिटवली, की ज्यांच्याजवळ लोभाच्या चिठ्ठ्या असतील त्यांनी घेऊन यावे. लोक आले. बुवांनी कणगीतले धान्य काढले. चिठ्ठीवरचा आकडा पाहून ते मापाने धान्य घालू लागले. धान्य सरले तेव्हा पितळी भांडी आली; मग तांब्याचे हंडे, शाल, गाय, शेवटी औषधांच्या बरण्या. नरहर आत-बाहेर करीत होता.

“गुरुजी, सही शेठची आहे. तुमची नाही.”

“ती बरणी आण.”

“गुरुजी, शेठ पळून गेला आणि तुम्ही...”

“नरहर, लोक उन्हात उभे आहेत. बरणी आण.”

उन्हे कलली तेव्हा घरात औषधे कुटायचा मोठा पितळी खल तेवढा उरला. तो बुवांच्या गुरूंचा. पुढे तो नरहरला मिळायचा, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होते. रांग संपली नव्हती, पण देण्यासारखे काही राहिले नव्हते. लोक उठून गेले. काहींनी बुवांना नमस्कार केला, काहींनी शिव्या दिल्या.

सर्वांच्या मागून सगुणा आली. मुलाला शोधायला ती सडकेच्या कामावर पायी जाऊन आली होती. टोळी पुढे गेली होती. तिच्या पायांना धूळ होती आणि काखेत मडके. रिकाम्या घोंगडीकडे पाहून तिला सारे कळले. तिने मडके बुवांसमोर ठेवले.

“मी नको म्हणत होते,” एवढेच ती म्हणाली.

बुवांची मान खाली गेली, ती सगुणा वाट वळेपर्यंत वर आली नाही.

सकाळी नरहर उठला तेव्हा खल जागेवर नव्हता. बुवांनी तो शेजारच्या गावच्या वैद्याला विकला होता आणि त्या पैशांचा गाडीभर बांबू सगुणेच्या दारात उतरवला होता. नरहर परसात जाऊन रडला. बुवा त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झाले की बाहेर पडत आणि तिन्हीसांजेला परतत. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. रोग्याची नाडी पाहताना त्या चिंध्यांतून रक्त पाझरे. आपले गुरुजी कुठे जातात, हे विचारायला नरहरला धीर होईना. शेवटी एके दुपारी तो मागोमाग गेला.

सगुणेच्या अंगणात वैद्यबुवा मांडी घालून बसले होते. हातात हणम्याची कोयती होती. ते बांबू फोडून कामट्या काढत होते. निम्म्या कामट्या वाकड्या निघत. सगुणा त्या बाजूला टाकी, सरळ तेवढ्या उचलून विणी. ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

नरहर कुंपणाशी येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, हे काय चालवलंय? अपराध शेठचा. त्याचं प्रायश्चित्त तुम्ही का घेता?”

बुवांनी कोयती खाली ठेवली.

“शेठचा अपराध शेठपाशी आहे. तो मी कशाला घेऊ? मी माझाच फेडतो आहे. नरहर, रोग्याची नाडी पाहिल्यावाचून मी कुणाला सुंठेचा तुकडाही देत नाही. त्या दिवशी मात्र अख्ख्या पेठेला औषध दिलं, आणि नाडी पाहिली नाही. शेठची पुंजी किती, चिठ्ठ्या किती, एका शब्दानेही विचारलं नाही. चारचौघांत माझं मत मागितलं, याचंच मला बरं वाटलं. ही बाई एकटी सावध होती. तिचा सावधपणा मी मोडला. माझे दोन आणे गेले, तिचा मुलगा गेला.”

“पण तिने तुम्हाला क्षमा केली का?”

“विचारलं नाही. क्षमा मागायला मी येत नाही. कामट्या काढायला येतो.”

“मग हे संपणार कधी?”

“हणमा परत आला तर. नाहीतर माझे हात चालेनासे झाले की.” असे म्हणून त्यांनी पुन्हा कोयती उचलली.

खल गेल्याचे दुःख अजून नरहरच्या छातीत होते. ते नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही. पण तो अंगणात शिरला आणि गुरूंच्या शेजारी बसला. सगुणेने मान वर केली नाही. एक बांबू मात्र पायाने त्याच्याकडे सरकवला.

हणमा परत आला नाही. पुढच्या थंडीत वैद्यबुवा वारले. पेठेने त्यांना खांदा दिला, आणि त्यांचे चुकले की नाही, यावर लोक स्मशानातून परततानाही वाद घालत होते. नरहर वैद्यकी करू लागला. दुपारी तो सगुणेच्या अंगणात जाई. बाजारात कुणी त्याला एखाद्या मालाविषयी, माणसाविषयी किंवा स्थळाविषयी विचारले, तर तो चटकन हो म्हणत नसे. “आधी मला पाहू द्या,” म्हणे, आणि खरोखरच पाहायला जाई. कधी कधी त्यात आठवडा लोटे. विचारणारे कंटाळून दुसऱ्याकडे जात. गुरूंसारखा याच्या शब्दाला भाव नाही, असे लोक म्हणत.

नरहर ते ऐकून घेई. आपला सहज दिलेला होकार कुणाच्या चुलीपर्यंत जाऊन पोहोचतो, हे त्याला एकदा दिसले होते.