राजानं पेला खाली ठेवला

एका गावात एक विहीर होती आणि तिच्यापायी अख्खं गाव छाती काढून चालायचं. जत्रेत तमाशाचा फड आला की वगातल्या राजानं आधी त्या विहिरीचं पेलाभर पाणी प्यायचं, "अमृत!" अशी ललकारी द्यायची, मगच वग पुढं सरकायचा. फडाचा मालक भागाजी स्वतः राजा व्हायचा. वीस वर्षं त्यानं हा रिवाज पाळला.

यंदा मात्र फड आला तो घरोघरी हगवण. सरूआजीची दोन्ही नातवंडं अंथरुणाला खिळलेली. भागाजीला शंका आली. तालुक्याच्या मास्तरांनी त्याला एक भिंग आणि झगझगीत दिवा दिला होता, वापरायलाही शिकवलं होतं. त्यानं राहुटीत विहिरीचा थेंब त्यातून पाहिला, तर त्यात किडे वळवळत होते.

तो तडक पाटलांकडे गेला आणि हे लोकांना वगातच दाखवतो म्हणाला. पाटील म्हणाले, "दाखव की लोकांना. पण पाणी शेजारच्या गावचं म्हणून सांग. आमच्या विहिरीचं नाव घेतलंस, तर पुन्हा या वेशीत पाऊल टाकायचं नाही."

"पाटील, मी राजाचं सोंग घेतो," भागाजी म्हणाला, "लबाडाचं नाही."

दिवेलागणीला वग उभा राहिला. पेला आला. राजानं तो तोंडाला न लावता खाली ठेवला. त्यातला एक थेंब भिंगापुढं धरला, मागून दिवा लावला, आणि समोर ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर बोटाबोटाएवढे किडे वळवळू लागले. "अगं बया!" बायका ओरडल्या.

"मायबाप, हे तुमच्याच विहिरीचं पाणी. वीस वर्षं मी याला अमृत म्हणालो. चुकलो मी. उकळल्याशिवाय पिऊ नका."

पाटील लालबुंद होऊन उठले. "बंद करा हा खेळ!"

तोच सरूआजी काठी टेकत पुढं आली. "पाटील, खाली बसा. माझी लेकरं हेच पाणी पितात. राजा, पुन्यांदा दाव. मला नीट बघू दे."

पाटील खाली बसले. भागाजीनं दुसरा थेंब दाखवला, मग तिसरा. वग राहिला तो राहिलाच, पण त्या संध्याकाळी घरोघरी चुलीवर पाण्याची भांडी चढली. दुसऱ्या दिवशी विहीर उपसायला पाटीलच पहिले आले. दवाखान्याचं औषध आणि उकळलेलं पाणी मिळाल्यावर आजीची नातवंडं उठून बसली. शाबास रे भागाजी! शहाण्यांची व्याख्यानं जे करू शकली नाहीत, ते आमच्या एका तमासगिरानं तासाभरात केलं.

तात्पर्य: कलावंतानं खरं दाखवायची हिंमत धरली, तर शास्त्र पुस्तकातून उठून थेट चुलीपर्यंत पोचतं.