मोरीपाशी लावलेलं अळू

गुहागरला इंदुमतीकाकूंकडे भाड्याने उतरणारे पाहुणे हमखास न्हाणीघराची मोरी तुंबवून जात. यंदाचे निवृत्त कलेक्टर दाभाडेसाहेब तर शाम्पूच्या पुड्या, सिगारेटची थोटकं, सगळं मोरीतच लोटत. काकूंनी विनवलं, तर गुरकावले, "मोरीतलं पुढे कुठे जातं, याच्याशी मला काय करायचंय?"

दुपारी साहेबांनी तिसऱ्यांदा अळूवड्या मागून घेतल्या. "वा! अळू कुठलं हो?"

"घरचंच. तुमच्या मोरीचं पाणी थेट त्यालाच जातं, साहेब."

साहेबांचा घास हातातच राहिला. जेवण अर्धवट टाकून ते उठले आणि स्वतः मोरीतली थोटकं वेचायला बसले.

"मोरीपाशी कसलं अळू लावता!" म्हणून काकू पूर्वी सासूबाईंवर कुरकुरल्या होत्या. आज त्यांनी सासूबाईंच्या फोटोला मनापासून हात जोडले आणि उरलेली अळूवडी त्यांच्यापुढे ठेवली.