राणीछाप रुपये आणि रावसाहेबांचे हात

आमच्या जुन्या नाण्यांच्या धंद्यात खरं-खोटं ओळखायला भिंग लागतं. एकदा मात्र मला तेही लागलं नाही.

मिरजेतल्या माझ्या दुकानात आक्काताई डवरी आल्या. नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन पैशापायी अडलं होतं, म्हणून त्यांनी देव्हाऱ्यातले चांदीचे राणीछाप रुपये विकायला काढले होते. गिऱ्हाइकाला आवडावेत म्हणून ते चिंचेनं घासून लख्ख केले होते. जुन्या नाण्याचा काळपटपणाच त्याच्या खरेपणाची साक्ष देतो, हे बाईंना कोण सांगणार?

तेवढ्यात रावसाहेब इंगवले आले. नाण्यांचे मोठे संग्राहक; त्यांनी नकली म्हटलं की गावात ते नाणं कुणी हातात घेत नसे.

एक रुपया उचलून ते म्हणाले, “एवढी चकाकी? सगळे नकली आहेत, बाई. पोलिसांना कळलं तर अडकाल. शंभराला एक देत असाल तर मी घेतो, दया म्हणून.”

आक्काताईंचे डोळे भरले. “घ्या मग, साहेब.”

“थांबा, आक्का,” मी म्हणालो. पर्यटकांसाठी ठेवलेल्या नकली राणीछाप रुपयांचं ताट मी फळीवरून काढलं. “रावसाहेब, हे नकली मी पन्नासला विकतो. बाईंचे यातच मिसळतो. हवे तेवढे पन्नासनं उचला.” आणि ताट आक्काताईंच्या रुपयांवर कलतं केलं.

“अहो, मिसळू नका!” रावसाहेबांनी दोन्ही पंजे त्या रुपयांवर पसरले.

“नकलीत नकली मिसळलं तर काय बिघडतं, रावसाहेब?”

त्यांची मान खाली गेली. आक्काताईंनी पदरानं डोळे पुसले.

“हात काढा, साहेब,” त्या म्हणाल्या, “आणि आता खरा भाव बोला.”