हिरवे ठिपके

"पण विचारल्याशिवाय कळणार कसं, बुवा, की ती जिवंत आहेत?"

इंद्रनीलचा आवाज चढला होता. गुरूपुढे आवाज चढवायचा नसतो हे त्याला ठाऊक होतं, पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

रंगनाथबुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा काढून टाकला.

समोरच्या डोंगरउतारावर, वाडीच्या थेट डोक्यावर, इंद्रनीलने यंत्रं पुरली होती. जमीन सरकू लागली की यंत्राने मठातल्या खोक्याला बिनतारी संदेश द्यायचा, खोक्याने भोंगा वाजवायचा आणि भोंगा ऐकून वाडीने घरं सोडून मठात यायचं.

पोराची अक्कल खरंच दांडगी होती, आणि दुर्दैवाने हे त्यालाही माहीत होतं. पाहुणा आला की स्वारी फोन काढायची, बटण दाबायची. उतारावरची झाडून सगळी यंत्रं जागी होऊन 'आहे' म्हणायची आणि फोनवर हिरवे ठिपके उमटायचे. पाहुणे तोंडात बोटं घालायचे.

त्या कौतुकातच बॅटऱ्या संपत आल्या होत्या. आता झड लागली होती. वर जायची वाट वाहून गेली होती, त्यामुळे बॅटऱ्या बदलायचा प्रश्नच नव्हता.

"सगळ्यांना कशाला उठवतोस?" बुवांनी विचारलं. "एकालाच विचार."

"एकाला हाक मारली तरी सगळी उठतात. हाक आपल्याला आहे का ते बघतात, नसली की पुन्हा झोपतात."

"म्हणजे फुकट उठतात."

"...हो."

"आज किती वेळा उठवलंस?"

सकाळपासून त्याचा अंगठा त्या बटणावरून हलला नव्हता.

"बुवा, वाडीतल्या माणसांना आत्ताच बोलावून घ्या ना."

"निरोप धाडला होता. सरपंच म्हणाले, इंद्रनीलची यंत्रं आहेत की! भोंगा वाजला की येऊ."

इंद्रनीलला वर बघवेना. घर सोडायची गरज नाही, मी आहे, असं गावच्या सभेत छाती फुगवून सांगणारा तोच होता.

भोंग्याची एक तार सैल झाली होती. ती आवळायला तो खोक्यापाशी जाऊन बसला. स्क्रू बारीक होता आणि उजेड कमी.

"इंद्रनील," बुवांनी हाक मारली.

"जी?"

"काही नाही."

त्याने पुन्हा स्क्रू भोकात धरला.

"इंद्रनील."

"जी, बुवा?"

"काही नाही."

स्क्रू जेमतेम बसत आला...

"इंद्रनील!"

स्क्रू हातातून निसटला आणि घरंगळत गेला. इंद्रनीलच्या डोक्यात तिडीक गेली.

"काम नसताना कशाला हाका मारता, बुवा? प्रत्येक हाकेला हातातलं काम सुटतंय माझं!"

"जिवंत आहेस का, ते पाहत होतो."

इंद्रनीलने चाचपडत स्क्रू शोधला आणि तार आवळली. मग फोन घेतला आणि यंत्रांना शेवटचा एक हुकूम धाडला. हा हुकूम मागे घेईपर्यंत कुणाच्याही हाकेला उठायचं नाही. माती हलली तरच उठायचं, आणि ज्याच्याखालची हलेल त्यानेच बोलायचं.

एकेक करत सगळे ठिपके विझले.

"आता काही कळणार नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मेली असली तरी?"

"तरी."

दिवेलागण झाली. वाडीतल्या चुलींचा धूर पावसात खाली दबून बसला होता. त्या घरांत पोरंबाळं होती, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं होती, आणि ती सगळी त्याच्या भरवशावर जेवायला बसत होती. इंद्रनीलला भीती वाटत होती. उतारावरची शांतता म्हणजे डोंगर जागेवर आहे, की यंत्रं संपली आहेत?

"मला राहवत नाही, बुवा. हुकूम मागे घेतो आणि एकदाच विचारतो."

"विचार की."

बुवा पुन्हा तांदळाकडे वळले. त्यांनी नको म्हटलं असतं तर त्याने बटण दाबलंही असतं. आता अंगठा नुसताच काचेवर तरंगत राहिला...

त्याने फोन पालथा घातला आणि दोन्ही हात काखेत दाबून बसला. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही.

आणि भोंगा वाजला.

मठाच्या भिंती घुमल्या. खाली वाडीत आरडाओरडा झाला, कंदील आणि टॉर्च हलायला लागले. कुणी पोरं काखेत मारली, कुणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, कुणी गुरांची दावी कापली. सगळी वाडी चढण चढू लागली.

इंद्रनीलने झडप घालून फोन उलटा केला. काळ्या काचेवर एकच लाल ठिपका होता.

"एकच, बुवा! एकच बोलतंय! बाकीची गप्प का? हे खोटं बोलत असेल तर? मला बाकीच्यांना विचारायलाच..."

त्याचा अंगठा बटणाकडे गेला. बुवांनी फोनवर तळहात ठेवला. बाहेर चिखलातून धावत येणारी पावलं फाटकापाशी पोहोचली होती. कुणीतरी दोन्ही हातांनी फाटक बडवत होतं.

"ज्याला बोलायचं होतं ते बोललं, इंद्रनील," बुवा म्हणाले. "दार उघड."